बिअरची वही आणि नानांचे नाक

किस्से जमवायला म्हणून कुणी बसत नाही. लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांसारखे ते साठतात. टाकून देणे जिवावर येते, उपयोग तर काही दिसत नाही, आणि एके दिवशी फडताळ उघडले की कळते, आता आत जागाच उरलेली नाही. माझे तसेच झाले आहे. मी बहात्तर वर्षांची, जुन्या काळची मॅट्रिक, एका शिक्षकाची मुलगी. आयुष्यात मद्याचा थेंब तोंडात घातलेला नाही आणि घालणारही नाही. तरीही माझ्या फडताळात साठलेले सगळे किस्से बिअरचे आहेत! ज्यांना हसायचे असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावे, पुढे तशी संधी कमी मिळेल.

मंडळी कोण ते आधी सांगते, म्हणजे मध्येच थांबावे लागणार नाही. पहिले माझे यजमान. त्यांना सगळे नाना म्हणतात. लिहिताना मीही नानाच म्हणणार आहे. नाना श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होते. दुसरे फ्रान्सिस सर. श्रीरामपूरच्या एका हायस्कुलात तीस वर्षे इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. तिसरे बापूराव. तेही त्याच कारखान्यात, शेतकी विभागात होते. आता अकोले तालुक्यात आपल्या गावी भातशेती करतात. तिघांची मैत्री चाळीस वर्षांची. आणि चौथी मी, हाताशी पाण्याचा ग्लास आणि पुढ्यात वही.

*

सुरुवात आमच्या मुलामुळे झाली. आम्ही नुकतेच नगरच्या सावेडीत फ्लॅट घेऊन राहायला आलो होतो. नानांचा वाढदिवस म्हणून मुलाने आम्हा चौघांना पुण्यात जेवायला नेले. आत जाऊन बसल्यावर मला कळले, की ते साधे हॉटेल नसून मायक्रोब्रुअरी आहे; म्हणजे बिअर जिथे बनवतात तिथेच बसून पितात! मी उठणारच होते. इतक्यात समोर एक लाकडी ट्रे आला. त्यात औषधाच्या मापापेक्षा थोडे मोठे असे सहा ग्लास आणि प्रत्येकात वेगळ्या रंगाची बिअर.

नानांनी डोळे मिटून एकेक ग्लास नाकाशी नेला. तिसऱ्याशी थांबले. वेटरला बोलावले आणि विचारले, "या नळाची पाइप कधी धुतली होती?"

"रोज धुतो, सर."

"रोजची नाही ही. चार दिवस झालेत."

वेटर हसला. मग मॅनेजर आला, तो आत जाऊन चौकशी करून परतला, आणि तो मात्र हसला नाही. हात जोडून म्हणाला, "सॉरी सर. पाच दिवस झालेत."

मुलाला बापाचा केवढा अभिमान वाटला! बापूरावांनी तर सगळ्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात "हाये का न्हाई आमचं नाक!" म्हणून घेतले. नाना मात्र परतीच्या वाटेवर गाडीत, शिरूर मागे गेल्यावर म्हणाले, "एक दिवस चुकला माझा."

*

त्यानंतर तिघांना नादच लागला. वर्षातून दोनदा दौरा काढायचा. पुणे, नाशिक, गोवा, बंगळूर, जिथे कुणी आपल्या मातीतले धान्य, फळ, मध घालून बिअर बनवत असेल तिथे जायचे आणि चव घ्यायची. गाडी न्यायची नाही, एसटीने किंवा रेल्वेने जायचे. माझी हरकत होती, पण नानांना ब्लडप्रेशर आहे आणि या तिघांवर माझा विश्वास नाही, म्हणून मीही निघाले. तिघांत मिळून एकच ट्रे, हा माझा पहिला नियम. दुसरा नियम वहीचा. प्यायचेच असेल तर त्यातून काही ज्ञान व्हावे. प्रत्येकाने प्रत्येक बिअरचा वास आणि चव शब्दांत सांगायची, मी लिहून घेणार. आणि "मस्त" हा शब्द वहीत लिहिला जाणार नाही!

"मग आम्ही बोलायचं तरी काय, वहिनी?" फ्रान्सिस सर कळवळून म्हणाले.

"जे आहे ते."

या वहीमुळेच तो प्रकार घडला. पुण्यातल्याच एका ठिकाणी मी वही उघडून, चष्मा लावून, प्रत्येक ग्लासाकडे निरखून पाहत लिहीत होते. काउंटरमागे कुजबूज सुरू झाली. थोड्या वेळाने मालक स्वतः एक जाडजूड फाइल घेऊन आले आणि माझ्यापुढे ठेवून अदबीने उभे राहिले. "मॅडम, लायसन, नूतनीकरण, सगळं यात आहे. आधी कळवलं असतं तर चहाची व्यवस्था केली असती."

मी उत्पादन शुल्क खात्याची बाई आहे असा त्यांचा समज झाला होता! फ्रान्सिस सर रुमालात तोंड खुपसून हसत होते. तरीही पुढ्यात कागद आले आहेत तर न वाचता परत कसे करायचे? मी सगळी फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मालकांना घाम फुटला. शेवटी मी फाइल मिटून म्हणाले, "मी कुठल्याही खात्याची नाही. पण कागद तारखेप्रमाणे लावा. असं कसं चालेल?"

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा त्यांनी ती फाइल आपण होऊन आणून दाखवली. तारखेप्रमाणे लावलेली होती.

*

शब्दांच्या बाबतीत फ्रान्सिस सर पुस्तकी. "किंचित फुलांचा सुगंध, वहिनी, आणि शेवटी एक प्रकारची उदासीनता." मी उदासीनता खोडत असे. नाना नेमके. "भाजलेली कणीक. शेवटी कडू बदाम. दोन्हींच्या मध्ये काही नाही." बापूरावांचे मात्र काही सांगता यायचे नाही. एकदा त्यांनी एका काळ्या बिअरचा घोट घेतला आणि बराच वेळ जीभ टाळ्याला लावून बसले.

"लिवा, वैनी. गुऱ्हाळात काकवी काढली ना, की काहिलीच्या बुडाला करपलेलं ऱ्हातंय बघा. पोरं बोटानं खरवडून खात्यात. त्ये."

मी ते जसेच्या तसे लिहिले. ती बिअर बनवणारा तरुण शेजारीच उभा होता. त्याने वही मागून घेतली, दोनदा वाचली आणि मोबाईलवर तिचा फोटो काढला. सहा महिन्यांनी आम्ही पुन्हा गेलो, तर त्याच्या दारातल्या फळ्यावर खडूने लिहिलेले होते : काळी बिअर, चव काहिलीच्या बुडाची!

बापूराव फळ्यासमोरून हलेनात. "वैनी, शाळंत फळ्यावर नाव यायचं ते फकस्त वांड पोरांचं. आज आमचं बोलनं आलं."

*

नाशिकला जाताना एसटीतला किस्सा. चार म्हातारी माणसे, चार पिशव्या. कंडक्टर बाईंनी तिकिटे देताना आपुलकीने विचारले, "त्र्यंबकेश्वरला का, आजी?"

फ्रान्सिस सर घाईने म्हणाले, "हो हो, दर्शनालाच."

मला खोटे चालत नाही. मी म्हणाले, "नाही. आम्ही बिअर प्यायला चाललो आहोत. हे तिघे पितील आणि मी लिहीन."

सगळी गाडी हसली. कंडक्टर बाईंना तर हसू आवरेना. "आजी लई गमतीच्या हायत!" म्हणत त्या पुढे गेल्या आणि नाशिकला उतरताना त्यांनी आपल्या पिशवीतून एक नारळ काढून माझ्या हातात दिला. "मला काई जायाला जमत न्हाई, आजी. माझ्या नावानं एवढा वाहा."

झाले! बाईने विश्वासाने दिलेला नारळ मी काय करणार? दुसऱ्या दिवशी सकाळी तिघांना आंघोळी करायला लावून त्र्यंबकेश्वराला नेले. फ्रान्सिस सर बाहेर आमच्या चपला राखत बसले आणि आम्ही नारळ वाहून आल्यावर म्हणाले, "पाहा, मी खरंच बोललो होतो की नाही!"

*

गोव्याचा फार छोटा आहे. तिथल्या वेटरने मला विचारले, "आँटी, तुमच्यासाठी काय?" मी म्हणाले, "पाणी." त्याने पाणी आणले. मी एक घोट घेऊन सांगितले, "क्लोरीन जास्त आहे." तो पोरगा नानांकडे वळून म्हणाला, "सर, तुमच्या घरी जेवण कोण बनवतं? त्याच्यासाठी मी प्रार्थना करीन."

"तीच बनवते," नाना म्हणाले. "प्रार्थना माझ्यासाठी कर."

*

इथपर्यंतचे किस्से मी कुणालाही सांगते. पुढचे सहसा सांगत नाही.

बंगळूरला आम्ही एका नावाजलेल्या ठिकाणी गेलो होतो. नाचणीची बिअर होती. नानांनी ग्लास नाकाशी नेला आणि सांगितले, "भाजलेली कणीक. शेवटी कडू बदाम. दोन्हींच्या मध्ये काही नाही." मी लिहिले. दुसरा ग्लास आंब्याच्या रसाचा. "वाळलेलं गवत, त्यावर मधाचं बोट." मी लिहिले आणि लिहिता लिहिता माझा हात थांबला. ही अक्षरे मी याआधी काढली होती.

मी वहीची पाने मागे उलटली. दोन वर्षांपूर्वीची, पुण्याची पाने. भाजलेली कणीक, शेवटी कडू बदाम. वाळलेले गवत, त्यावर मधाचे बोट. शब्दांचा क्रमही तोच. नाना समोरच्या ग्लासाचे काही सांगत नव्हते, त्यांना पाठ होते ते म्हणून दाखवत होते.

तिसरा ग्लास कोकमाचा. तो लालभडक होता, आंबट असणार हे कुणालाही दिसत होते. नाना म्हणाले, "आंबट." आणि पुढे काही सुचेना म्हणून त्यांनी रुमालाने ओठ टिपले.

एरवी मी एकेका शब्दासाठी तिघांना छळते. "आंबट म्हणजे कसलं आंबट? चिंचेसारखं की ताकासारखं?" त्या दिवशी मी विचारले नाही. आंबट असे लिहिले आणि पुढे पूर्णविराम दिला.

*

घरी आल्यावर मला चैन पडेना. आठवू लागले, तसे एकेक आठवत गेले. दूध करपून घरभर धूर झाला होता आणि नाना शेजारच्याच खोलीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी त्यांच्यावर केवढी ओरडले होते! "वाचनात होतो," एवढेच ते म्हणाले होते.

मी खात्री केल्याशिवाय काही मानत नाही. दुपारी नाना आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. मी स्वयंपाकघरातून हिंगाची डबी आणली, झाकण काढले आणि त्यांच्या नाकापासून दोन बोटांवर धरली. त्या हिंगाने माझ्याच डोळ्यांत पाणी आले. नानांचा श्वास तसाच संथ चालू होता.

मग डोळे न उघडताच ते म्हणाले, "हिंग आहे ना?"

मला इतका आनंद झाला! मी म्हणाले, "अहो, म्हणजे येतो ना वास?"

"नाही गं. झाकणाचा आवाज ओळखला."

*

वास जाऊन दोन वर्षे झाली होती. त्यांनी कुणालाही सांगितले नव्हते, मलाही नाही. नगरच्या डॉक्टरांनी तपासले, त्यांना चालायला लावले, बोटे मिटून उघडायला लावली. आजाराचे नाव सांगितले. म्हणाले, "यात काहींचं नाक आधी जातं. हात आणि चाल, ते नंतर." मी विचारले, "नाक परत कधी येतं?" डॉक्टर माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आजी, आपण हातांकडे लक्ष देऊ या."

रिक्षात नाना म्हणाले, "दौऱ्यावर मात्र जायचं. आणि त्या दोघांना सांगायचं नाही."

"का? चाळीस वर्षांचे मित्र आहेत ते."

"म्हणूनच. सरांकडे भाषा आहे. बापूरावाकडे जमीन आहे, भात आहे. मी तिघांत कोण? नाक. तेवढ्यासाठी ते मला मध्ये बसवतात. ते गेलं तर मी नुसता एक हात थरथरणारा म्हातारा आहे."

मी म्हणाले, "मला खोटं बोलता येत नाही, अहो."

"खोटं बोलू नकोस. तू नुसती लिही."

सावेडी येईपर्यंत त्यांचा डावा हात मी पदराखाली धरून ठेवला होता, रिक्षावाल्याला दिसू नये म्हणून.

*

पुढच्या दौऱ्यात मला एक नवल दिसले. फ्रान्सिस सर, जे नेहमी शेवटी बोलायचे, ते आता सगळ्यांच्या आधी बोलू लागले. तेही मोठ्याने आणि अगदी सोप्या शब्दांत! "मला तर बुवा संत्र्याच्या सालीचा वास येतोय!" लगेच नाना म्हणायचे, "साल खरी, पण वाळलेली." सर म्हणायचे, "यात लवंग आहे का हो?" नाना म्हणायचे, "लवंग आहे. कमी आहे." बापूराव मान डोलवत आणि कौतुकाने म्हणत, "नानांचं नाक म्हंजे नाक!"

परतताना स्टँडवर नाना पाण्याची बाटली घ्यायला गेले आणि बापूराव त्यांच्याबरोबर गेले. मी सरांना गाठले. "सर, तुम्ही ह्यांना उत्तरं सांगता."

सरांनी चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिले. "तीस वर्षं वर्गात कॉपी पकडली, वहिनी. आता म्हातारपणी थोडी पुरवतो."

"कधीपासून ठाऊक आहे तुम्हाला?"

"बंगळूरपासून. नाना ग्लास नाकाशी नेताना डोळे मिटायचे. तिथे मिटले नाहीत. ते आमच्या तोंडांकडे पाहत होते."

मला रडू आले. चारचौघांत, स्टँडवर, माझ्या वयात! सर हळूच म्हणाले, "बापूला कळू देऊ नका. त्याच्या पोटात काही राहत नाही, आणि नानांवर त्याची देवासारखी श्रद्धा आहे. त्याला फार लागेल."

मी कबूल केले. तेव्हापासून आम्ही दोघे मिळून बापूरावांना सांभाळत होतो. निदान आमचा तसा समज होता.

*

आता शेवटचा. हा गेल्या हिवाळ्यातला.

बापूरावांच्या शेतात काळभात नावाचा तांदूळ होतो. वरून काळपट तूस, आत बारीक दाणा. एका घरी शिजला तर चार घरांना कळते असा त्याचा वास. पीक कमी येते म्हणून गावात बहुतेकांनी तो सोडला. बापूरावांनी एक खाचर मात्र राखले आहे. पुण्याजवळ स्वतःची छोटी ब्रुअरी चालवणारी सायली नावाची मुलगी आम्हाला एका दौऱ्यात भेटली होती. तिने तांदळाच्या बिअरचा विषय काढला आणि बापूरावांनी दुसऱ्याच आठवड्यात तिला एक पोते पाठवून दिले. दोन महिन्यांनी तिचा फोन आला, "काका, तयार आहे. या."

बापूराव पहाटेच्या गाडीने गावाहून निघून नगरला आम्हाला येऊन मिळाले होते. धुतलेले धोतर, डोक्याला नवी टोपी. एसटीत ते एकच बोलत होते. "वैनी, उखळात भात सडताना वास ऱ्हातोय, शिजताना ऱ्हातोय, पन ह्यात ऱ्हाईल का? मला काय कळंना. नाना सांगतील त्येच खरं. बाकी कुनाचं मी ऐकनार न्हाई."

नाना खिडकीबाहेर पाहत होते. आता त्यांचे दोन्ही हात थरथरतात. सरांनी माझ्याकडे पाहिले आणि मी सरांकडे. सरांनी मान हलवून मला धीर दिला. म्हणजे मी आहे, सांगेन.

आम्ही पोहोचलो तेव्हा सायली आत कुणाशीतरी फोनवर बोलत होती. वेटरने आम्हाला बसवले आणि तिघांपुढे तीन ग्लास आणून ठेवले. फिकट, पिवळसर बिअर, वर पांढरा फेस.

बापूरावांनी आधी ग्लासाला हात लावून तो कपाळाला लावला. मग एक घोट घेतला. थांबले. ग्लास नाकाशी नेऊन पुन्हा एक घोट घेतला. मग तो अलगद खाली ठेवला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

मी सरांकडे पाहिले. आता सरांनी बोलायचे होते. सरांनी वास घेतला, तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. त्यांनी दुसऱ्यांदा वास घेतला. त्यांना काही सापडत नव्हते हे मला स्पष्ट दिसत होते. जे नाही ते सांगायचे तरी कसे, आणि तेही ज्याने तो भात पिकवला त्याच्यासमोर?

नाना सरांची वाट पाहत होते. सर टेबलाकडे पाहत राहिले.

"नाना," बापूराव म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "हाय का वो काई?"

नानांनी दोन्ही हातांनी ग्लास उचलला. थोडी बिअर त्यांच्या मनगटावर सांडली. ग्लास नाकाशी नेला, घोट घेतला, खाली ठेवला. आणि बोलू लागले, सावकाश, पूर्वी बोलत तसे.

"आधी काही नाही, बापूराव. घाई करायची नाही. आधी नुसतं पाणी उकळतं, तेवढंच. मग झाकण थोडं सरकवल्यावर जी पहिली वाफ येते ना, ती. तुमच्या घरी मी पहिल्यांदा आलो होतो, आठवतं? लग्न नव्हतं झालं तुमचं. तुमच्या आईंनी भात टाकला होता आणि आपण दोघं बाहेर ओट्यावर बसलो होतो. मी तुम्हाला विचारलं, घरात कुणी फुलं आणलीत का. तुम्ही हसलात. तो वास. त्याच्या मागून थोडा धूर, ओल्या लाकडाचा. आणि अगदी शेवटी, भात खाली उतरवल्यावर पातेल्याला धरतो तो."

मी शब्दन् शब्द लिहून घेतला. माझे अक्षर बिघडले.

बापूराव नानांच्या तोंडाकडे पाहत होते. "व्हय?" ते म्हणाले.

"व्हय," नाना म्हणाले. चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला.

बापूरावांनी डोळे पुसले. त्यांनी आपला ग्लास उचलला आणि एका दमात तळापर्यंत रिकामा केला. "हाय," ते म्हणाले. "हाय की. मलाच उमगलं न्हाई. सर, तुमी बी प्या, बगता काय!" सरांनीही ग्लास संपवला.

इतक्यात सायली आतून लगबगीने आली. हातात ट्रे, ट्रेमध्ये तीन भरलेले ग्लास. "सॉरी काका, सॉरी! फोन संपतच नव्हता. ही घ्या, तुमच्या काळभाताची! ती आत्ता दिली ती आमची रोजची साधी. आल्या-आल्या सगळ्यांना देतो ती."

तिने ट्रे टेबलावर ठेवला. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. तिथपर्यंत मला भाताचा वास आला.

नानांचे हात मांडीवर होते, आणि ते त्या हातांकडे पाहत होते. सरांनी डोळे मिटून घेतले. बापूरावांपुढे तो ट्रे हातभर अंतरावर होता. त्यांच्या नाकपुड्या हललेल्या मी पाहिल्या. त्यांनी मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर नीट बसवली आणि तो ट्रे दोन्ही हातांनी सायलीकडे परत सारला.

"पोरी, तुझा कायतरी घोटाळा हुतोय," बापूराव म्हणाले. "आमच्या भाताची हीच हुती. नानांनी सांगितलं ना आत्ता. ती तू दुसऱ्या कुनाला दे जा."